आतली कडी

दिवाळीच्या तोंडावर सुरतेत एक संध्याकाळ अशी येते, की आपण बहिरे झालो की काय असं वाटतं. कापड विणणारे लूम बंद होतात. वर्षभर ती खटखट भिंतीतून, खाटेच्या पायातून, माठातल्या पाण्यातून अंगात शिरत असते. ती थांबली की मगच कळतं, की ती होती. मग माणूस उगाच मोठ्यानं बोलतो आणि आपल्याच आवाजाला दचकतो.

इथं ह्याला वेकेशन म्हणतात. शेठ लोक पूजा करून कारखान्याला कुलूप घालतात. नंदुरबार, धुळे, जळगावची माणसं पेट्या-पिशव्या घेऊन उधन्याच्या स्टेशनावर जातात. आमची डिंडोली निम्मी रिकामी होते. कुत्री रस्त्याच्या मधोमध पाय पसरून झोपतात आणि रिक्षावाला त्यांना वळसा घालून जातो. मागच्या तबेल्यातल्या म्हशींच्या साखळ्या वाजतात, त्या एरवी कधी ऐकू येत नाहीत. ऊन मऊ झालेलं असतं. जिने, गच्च्या, वाळत घातलेल्या साड्या, सगळं जरासं तरंगत असल्यासारखं. अशा दुपारी मी खाटेवर पडते. झोप येत नाही आणि धड जागही राहत नाही. कुठंतरी मधे लोंबकळत असते, आणि तिथंच मला ती भेटते.

ती म्हणजे सुमन. मीच, पण पन्नासेक वर्षांपूर्वीची. दोन वेण्या, नाकात मुरणी, आणि डोक्यात अक्कल सोडून बाकी सगळं. अशा पोरीला आज कोणी माझी सून म्हणून आणलं असतं तर मी दारातूनच परत पाठवलं असतं.

यंदा ती जरा जास्तच येत राहिली, कारण घरात खोलीचा विषय निघाला होता.

माझ्या नातीला, तेजूला, जनावरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला. याद्या लांबत लांबत दिवाळीपर्यंत आल्या, आणि पहिल्या वर्षाचे वर्ग वेकेशन संपल्यावर सुरू होणार. बातमी कळली तेव्हा माझी सून वंदना साडीला टिकल्या चिकटवत बसली होती. तिनं डिंक लागलेल्या हातानंच पोरीला कवटाळलं, त्यामुळे डॉक्टरीणबाई संध्याकाळपर्यंत केसात टिकल्या घेऊन हिंडत होत्या. शेजारची शकू पेढा तोंडात टाकत म्हणाली, "ढोरांची डॉक्टर होनार काय वं?" मी म्हटलं, "हो ना. तुझ्या नवऱ्याला अंगावरची गोचिड काढायची असली तर सांग, ओळखीत कमी पैशात करू." शकूनं दुसरा पेढा घेतला नाही.

कॉलेज ज्या गावात आहे ते इथून रेल्वेनं तीन-चार तासांवर. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथं वंदनाची मामी राहते, आणि ती वाचते. वसतिगृहाची यादी तेजूचं नाव यायच्या जरा अलीकडेच संपली. आता पहिलं वर्ष बाहेर काढायचं. बाहेर म्हणजे कुठं, ह्यावर आमच्या घरात दिवाळीचा फराळ तळला जात होता आणि माझा मुलगा विलासही तळला जात होता. तो भेस्तानला रंगाच्या मिलमध्ये मास्टर आहे. कापडाला कोणता रंग किती चढेल हे त्याला नजरेनं कळतं, पण पोरीचं राहणं, खाणं, जाडजूड पुस्तकं, पांढरे कोट, गमबूट हे सगळं मोबाईलवर मांडायला बसला की रोज आकडा निराळा येई. शेवटी एक दिवस मोबाईल पालथा घालून तो म्हणाला, "मामीकडे ठेवू. मामा रेल्वेत होते, मोठं घर आहे, दोघंच म्हातारे. वर सांगतात की एक पैसा घेणार नाही."

"फुकट?" मी विचारलं.

"फुकट, आई."

चकली मोडल्याचा आवाज झाला, ती माझ्याच हातातली. तेजू शंकरपाळ्यांतल्या जळक्या वेचून वेगळ्या काढत बसली. पोरगी काही बोलेनाशी झाली की समजावं, तिला फार बोलायचं आहे.

फुकटच्या खोलीत मी राहिले आहे. लग्न होऊन सुरतेला आले ती उधन्याच्या एका चाळीत, मोठ्या दिरांच्या खोलीत. खोली एक, माणसं सहा. स्वयंपाकाच्या बाजूला जुन्या साडीचा पडदा बांधून आम्हा नव्या जोडप्याला जागा दिलेली. जाऊबाई म्हणाल्या होत्या, "आपलंच घर शे, तुमच्याकडून भाडं काय घ्यायनं!" आणि राणीसाहेबांना किती बरं वाटलं! सुमन सासरच्या गावाकडे सगळ्यांना सांगत सुटली, की सुरतेत आम्हाला भाडं नाही. तिला वाटलं, नशीब उघडलं.

भाडं होतं. मी ते पाण्याच्या हंड्यांत भरलं, पोरांच्या लंगोटांत भरलं, आणि सगळ्यात जास्त भरलं ते हसण्यात. पडद्यापलीकडे ऐकू जाईल म्हणून नव्या नवरीनं तोंडात पदर कोंबून हसायचं. हसू आवरता आवरता उचकी लागायची. मग पलीकडून जाऊबाई विचारायच्या, "पाणी देऊ का वं?" त्या वाईट नव्हत्या, ते मला आता कळतं. सहा माणसं एका खोलीत ठेवून कोणीही बाई जितकी चांगली राहील तितक्या त्या होत्याच. पण त्या खोलीच्या दाराची कडी आत कोणी एकटं असताना कधी लागलीच नाही, कारण आत कोणी एकटं कधी नसायचंच.

मग पहिलं वेकेशन आलं.

चाळ रिकामी झाली. आम्ही तेवढे राहिलो. ह्यांना शेठनं बंद लूम पुसायला आणि राखायला ठेवून घेतलं होतं, आणि जाऊबाईंचे दिवस भरत आले होते. तेव्हा एक रीत होती. गावी जाणारा प्रत्येक जण आपल्या खोलीची किल्ली मागं राहणाऱ्या घरी ठेवून जायचा. संध्याकाळी दिवा लावा, उंदीर बघा, डब्यातल्या तुळशीला पाणी घाला, खोली जरा उघडून वारा खेळवा. सगळ्या किल्ल्या जाऊबाईंकडे आल्या. त्यांना जिना चढवेना, म्हणून त्यांनी त्या एका नाड्यात ओवून माझ्या कमरेला बांधल्या.

माझी चाल बदलली हो! एवढीशी पोरगी, पण पावला-पावलाला छुनछुन. अख्ख्या चाळीची मालकीण असल्यासारखी मी जिना चढायची. मुद्दाम उतरायची, पुन्हा चढायची. बघायला कोणी नव्हतं, एक शेळी सोडली तर. टोकाच्या खोलीतल्या आजीबाई शेळी आमच्या भरवशावर टाकून गावी गेल्या होत्या. ती कठड्याला बांधलेली असे, आणि माझ्याकडे अशी बघे की जणू तिला माझं सगळं पुढचं आयुष्य ठाऊक आहे.

आणि मग ती कुलपं उघडणं! बंद खोलीचा तो पहिला वास प्रत्येक दाराआड निराळा. एका खोलीत खोबरेल आणि जुनी वर्तमानपत्रं. एकीत मिरचीचा खकाणा, इतका की आत शिरताच शिंक यावी. एका खोलीत रात्रपाळी-दिवसपाळीचे गडी एकाच खाटेवर पाळीपाळीनं झोपत. ती खाट वर्षभर गार पडायची नाही, आता पहिल्यांदा गार पडलेली. मी हात लावून पाहिला. कुठं भिंतीवर देवाची तसबीर, कुठं नटीचं कॅलेंडर, कुठं दोन्ही शेजारी-शेजारी, गुण्यागोविंदानं. मी सगळ्यांसमोर दिवा लावला, नटीसमोरसुद्धा. ती हसत होती, तिला नाही कसं म्हणायचं?

दिवा लावून निघून यायचं काम. पण सुमन निघेना. ती खोलीच्या मधोमध बसायची. डोळे मिटायची. मग संसार मांडायला घ्यायची: इथं चूल, नको, इथं ऊन येतं, इथं आपण बसू. तिथं मांडणी, तिच्यावर पितळी डबे उतरत्या भाजणीनं. खिडकीत आरसा. खर्चाचा विचारही बाईसाहेबांनी केला होता बरं! मीठ, चहा, रॉकेल, हिरव्या बांगड्या, आणि महिन्यातून एकदा भजी. तिच्या त्या सगळ्या हिशेबात भाडं नव्हतंच. तिला वाटायचं, खोली म्हणजे काय, उन्हासारखी असते. आपण जाऊन बसायचं.

आज मी हसते तिला. पण खोली बघायची जी रीत तिनं शोधली होती, ती काही वाईट नव्हती. मधोमध बसा, डोळे मिटा, आणि ऐका, तुम्हाला इथं किती वेळ कोणी हाक मारत नाही.

भाऊबीज आटोपून आम्ही तेजूला घेऊन त्या गावी गेलो. आधी मामीकडे. मामीनं दारातच पोरीची दृष्ट काढली, नानखटाई दिली, चहा दिला. घर छानच आहे. फरशी अशी की आपला चेहरा दिसावा. तेजूसाठी दिवाणखान्यातला सोफा, तो रात्री उघडला की पलंग होतो. समोर टीव्ही, बाजूला देव्हारा, मधे दार नाही. मण्यांचा पडदा आहे, जाता-येता सळसळ वाजणारा.

"आपलीच पोर आहे," मामी म्हणाली. "मला काय जड आहे का? उलट सोबत होईल. सकाळी जरा मामांना इन्सुलिन टोचेल, डॉक्टरच होणार आहे ना! संध्याकाळी दोन पोळ्या लाटल्या की झालं. आणि दुपारी माझा डोळा लागतो तेव्हा फोन घ्यायला कोणीतरी हवंच होतं."

"तिला गमबूट लागतात," वंदना हळूच म्हणाली.

"ते जिन्याखाली. आणि तो कोट-बिट वास मारणारा असेल तर बाहेरच धू गं बाई. घरात देव आहेत."

"हाडं पण असतात," तेजू पहिल्यांदा बोलली. "अभ्यासाला."

"कसली हाडं?"

"बैलाची. घोड्याची."

पडदा सळसळला नाही, वारा नव्हता. पण मामीच सळसळली. मग सावरून म्हणाली, "ती कॉलेजातच पाहून यायची. घरी कशाला?" विलास घाईनं म्हणाला, "हो हो, कॉलेजातच." मी चहा पीत होते, आणि मनातल्या मनात त्या फुकटच्या सोफ्याचं भाडं जुळवत होते.

नंतर आम्ही दुसरी जागा बघितली. तेजूनं फोनवर शोधलेली. बंगल्याच्या वरची खोली, त्यात पुढच्या वर्गातल्या दोन मुली, तिसरी खाट रिकामी. जिन्याच्या कठड्यावर गमबुटांचे जोड पालथे घातलेले, आतून पाणी निथळत होतं. दोरीवर कोट. वास म्हणाल तर औषधाचा, शेणाचा आणि कुठल्यातरी स्वस्त शाम्पूचा. हेतल नावाच्या मुलीनं खुर्चीवरचे कपडे ढकलले आणि म्हणाली, "बा, बेसो ने." आजी, बसा ना. खिडकीत उन्हात एक हाड ठेवलं होतं, सुपासारखं पसरट.

"हे काय?"

"बैलाचा खांदा," हेतल मोडक्या मराठीत म्हणाली. "हातात घ्या ने, काही नाही करत."

मी घेतलं. उन्हानं कोमट झालेलं, आणि इतकं हलकं! ह्या एवढ्याशा फळीवर आमच्या गावचा बैल जन्मभर जू ओढत होता? तेजूनं ते माझ्या हातातून घेतलं, त्याच्या मधल्या उंचवट्यावरून बोट फिरवलं, डोळे मिटून पुन्हा फिरवलं. हेतल म्हणाली, "असंच पाठ होतं. पुस्तकात नाही जात डोक्यात."

मी पोरीकडे पाहिलं, आणि मला एकदम त्या चाळीतल्या दुपारींचा वास आला.

"विलास," मी म्हटलं, "तू जरा बाहेर थांब."

"का?"

"थांब म्हणते ना."

तो बाहेर गेला. मी दार ओढलं आणि आतून कडी घातली. खोलीच्या मधोमध फरशीवर बसले, गुडघे कुरकुरले तरी. डोळे मिटले. पोरींना वाटलं असेल, म्हातारीला चक्कर आली. तेजू शेजारी येऊन बसली. खाली कुठंतरी मिक्सर फिरला, थांबला. खारीचा चिर्रर आवाज. मग काही नाही. मग बराच वेळ काहीच नाही.

"आई," बाहेरून विलास, "गाडी चुकेल."

"चुकू दे," मी आतून म्हटलं. तेजू हसायला लागली. तोंडात ओढणी न कोंबता, मोठ्यानं. मला तेवढंच ऐकायचं होतं.

आता ती शेळीची गोष्ट सांगायला हरकत नाही. तेजू लहानपणापासून ती ऐकत आली आहे, आणि दर वेळी चुकीचाच प्रश्न विचारते.

वेकेशन सरत आलं होतं. माणसं परतणार, किल्ल्या जाणार. टोकाच्या खोलीत सगळ्यात चांगलं ऊन येई, म्हणून सुमन दुपारची तिथं गेली. एकटं बरं दिसत नाही म्हणून शेळीलाही आत घेतलं. घर म्हटलं की दोन जीव हवेत, असा विचार. आणि मग तिच्या मनात आलं, ह्या सगळ्या दिवसांत एक गोष्ट करून पाहिलीच नाही. तिनं दार लावलं आणि आतून कडी घातली. कट्. एवढासा आवाज. अहो, काय सांगू! उन्हाचा चौकोन फरशीवर पडलेला, शेळी रवंथ करते आहे, आणि जगातलं कोणी, कोण्णी, आपण होऊन आत येऊ शकत नाही. सुमन शेळीला टेकून बसली. आणि झोपली. सुरतेत आल्यापासूनची सगळी झोप तिला त्या दुपारी लागली.

इकडे नळ आला. जाऊबाईंनी हाका मारल्या. सुमन नाही. अवघडलेल्या पोटानं त्या एक-एक पायरी करत वर आल्या, तर टोकाच्या दाराला कुलूप नाही, दार आतून बंद, आणि आत काहीतरी खडखडलं. शेळीनं डबा पाडला होता. त्यांनी खालच्या पानवाल्याला हाक घातली. तो सुपारी फोडायचा अडकित्ता घेऊन आला, त्याच्यामागं दोघे-तिघे. जाऊबाईंच्या हातात धुणं बडवायचं धोपटणं. "कोन शे रे मजारमा? चोर शे, चोर! निंघ भाईर!" आत कोण आहे, बाहेर नीघ.

मी दचकून उठले, कडी काढली. आधी शेळी बाहेर आली, मागून मी. अर्धे केस सुटलेले, गालावर शेळीच्या केसांचे वळ.

"सुमन? तू काय करी ऱ्हायनी मजारमा?"

"जप लागी गयी," मी म्हटलं. झोप लागली.

पानवाला वळून निघून गेला. त्याचे खांदे हलत होते. चाळीत चोर शिरला आणि त्यानं काय चोरलं, तर दुपारची झोप. पुढं कितीतरी दिवस मला चाळीत चोर म्हणत. जाऊबाई मात्र हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. धोपटणं टेकवून त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या आणि आतल्या उन्हाच्या चौकोनाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गोड लागनी व्हई." गोड लागली असेल, झोप. बस, एवढंच. आणि पाणी भरायला मला खाली पाठवलं.

ह्या गोष्टीवर तेजूचा ठरलेला प्रश्न: "आजी, ती शेळी रवंथ करत होती ना? पोट फुगलेलं नव्हतं ना? पाणी ठेवलं होतंस ना तिच्यापुढं?" म्हणजे आजीचं काय झालं ह्याच्याशी घेणं-देणं नाही. जनावरांची डॉक्टर ती तेव्हाच झाली होती, प्रवेश उगाच उशिरा मिळाला.

आजीचं असं झालं, की संध्याकाळी ह्यांना सगळं कळलं. लूम सुरू झाले, पगार झाला, आणि एके दिवशी ते कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. मला वाटलं भजी. उघडलं तर लोखंडी कडी. कोयंडा, खिळे, सगळं नवं कोरं.

"ही कुठं लावायची?" मी विचारलं. "आपलं दार कुठंय?"

"दार बघू," ते म्हणाले. "ही तर घेऊन ठेवली."

दोघंही सारखेच शहाणे! जगात लोक आधी जागा बघतात, मग सामान. आम्ही कडीपासून सुरुवात केली. ती कडी कितीतरी महिने माझ्या पेटीत लुगड्याखाली होती. रात्री मी पेटीत हात घालून ती चाचपायची, आणि गार लोखंड हाताला लागलं की मला घर दिसायचं. पुढं डिंडोलीत पत्र्याची खोली घेतली तेव्हा दार इतकं पातळ, की खिळे पलीकडे निघाले. पण कडी बसली. त्या जागी विटांचं घर झालं, विलास कमावता झाला, वरती माझ्यासाठी एक खोली चढली. प्रत्येक दाराला तीच कडी फिरत आली. ह्यांच्या माघारी त्या वरच्या खोलीत मी एकटीच असायची, आणि दुपारी दार लावून घ्यायची. आत काही करत नसायची. नुसती असायची.

परतीच्या गाडीत विलास खिडकीबाहेर बघत होता. मधेच म्हणाला, "आई, मामीकडे काय वाईट आहे? घरचं जेवण, घरची माणसं."

"भाडं फार आहे."

"फुकट आहे, आई!"

"तेच म्हणतेय."

समोर तेजू झोपल्याचं सोंग करत होती. पापण्या हलत होत्या. वंदनानं डबा उघडला, बंद केला. विलास हळू आवाजात म्हणाला, "मला काय कळत नाही का? पण त्या खोलीचं दर महिन्याला कुठून काढू? मिलमध्ये आधीच पाळ्या कमी केल्यात. एखाद्या महिन्यात नाही जमलं तर पोरीला मधेच आणायचं? त्यापेक्षा..." नखांतून कधी न जाणारे रंग घेऊन त्याचे हात मांडीवर पडले होते, निळे, गुलाबी.

"वरची खोली भाड्यानं दे," मी म्हटलं.

"कोणती वरची?"

"आपल्याला किती वरच्या आहेत?"

"तुझी?" तो माझ्याकडे वळला. "आणि तू?"

"मी खाली हॉलमध्ये. पडदा लावू. मला पडद्याची सवय आहे, माझं शिक्षणच त्यात झालंय."

"नाही आई. त्या खोलीसाठी तू..." त्याला आठवत होतं. तो लहान असताना मी दार लावून बसले की तोच बाहेरून थापा मारायचा.

"अरे, मला आता कोण हाक मारतंय?" मी म्हटलं. "हसले तरी कोणाला ऐकू जायची भीती नाही, वंदनाला तर मी काही बोलायच्या आधीच हसू येतं." वंदना पदरानं डोळे पुसत हसलीच. तेजूनं डोळे न उघडता पाय पुढं केला आणि माझ्या पावलावर ठेवला. तसाच राहू दिला, सुरत येईपर्यंत.

आता लूम पुन्हा सुरू झाले आहेत. गावाकडून माणसं परतली, पेट्यांतून कळण्याच्या भाकरीच्या पिठाचा आणि भुईमुगाच्या ओल्या शेंगांचा वास घेऊन. माझी खाट टीव्हीखाली आली आहे. पडदा वंदनानंच शिवला, नाकारून परत आलेल्या साडीचा, त्यामुळे माझ्या झोपेला टिकल्या आहेत. खरं सांगते, पहिल्या दुपारी मी सवयीनं उठून दार लावायला गेले आणि हात हवेत राहिला. मग त्या हातानं केस नीट केल्यासारखं केलं. कोणी पाहिलं नाही.

काल दुपारी तेजूला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. बऱ्याच वेळानं तिचाच आला.

"आजी, झोप लागली होती गं. हेतल लोक कॉलेजात आहेत, मी दार लावून वाचत होते, तशीच झोपले."

"हाडं उशाशी घेऊन?"

"घोड्याचा जबडा," ती म्हणाली. आवाज अजून झोपेत होता, उबदार, जाडसर. "आजी, काय ऊन येतं गं इथं!"

मी फोन ठेवला. वर माझ्या खोलीत नवीन जोडपं आलं आहे, शिरपूरकडचं. तो लूमवर, दिवसपाळीला. ती इतकी लहान दिसते, की मी पहिल्यांदा विचारलं, शाळेत आहेस का? कडी मी काढली नाही. दारावरच ठेवली.

नळ आला. अंगणात बादल्या वाजल्या. वंदना आत डोकावली. "आई, वरची पोरगी दुपारपासून दार लावून बसलीय. तिची बादली रिकामीच आहे, पाणी जाईल. हाक मारू का?"

मी वर पाहिलं. लूमच्या खटखटीतही मला ते ऐकू येत होतं, म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं.

"नको," मी म्हटलं, आणि उठले. "आण इकडे तिची बादली. मी भरते."